मळकी बोट चालेल, ओली नको

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लिमिंग्टन, हॅम्बल, गॉस्पोर्ट, फालमथ अशा गावांतल्या बोटयार्डांत हिवाळ्यात चक्कर मारली, तर मागच्या रांगेत काही शिडाच्या बोटी हमखास दिसतात. अठ्ठावीस ते चौतीस फुटांच्या, लोखंडी टेकूंवर उभ्या, डेकवर हिरवं शेवाळ, लाकडाचं वॉर्निश सोललेलं, आणि पुढच्या कठड्याला ‘विकणे आहे’ची पाटी. कॉन्टेसा ३२, निकोल्सन ३२, ट्विस्टर, रायव्हल ही त्यांतली नावाजलेली नावं. बहुतेक १९६० ते १९८० या काळातल्या, फायबरग्लासच्या. किंमत बऱ्याचदा एखाद्या बऱ्यापैकी वापरलेल्या मोटारीएवढी. तेवढ्या पैशात समुद्र ओलांडू शकेल अशी बोट मिळते हे खरं आहे. पण तीच बोट पुढच्या तीन वर्षांत किमतीच्या दुप्पट पैसे खाऊ शकते हेही तितकंच खरं आहे. आपण पाहतोय ती बोट यांतली कुठली, हे कसं ओळखायचं ते इथे सांगतो.

आधी, या बोटी इतक्या स्वस्त का? लाकडी बोटीकडे लक्ष दिलं नाही तर ती कुजते आणि एक दिवस संपते. फायबरची बोट तशी संपत नाही. साठ वर्षांपूर्वी बांधलेले सांगाडे आजही धडधाकट आहेत, त्यांचे मालक मात्र म्हातारे झाले. यार्डाचं किंवा मरीनाचं, म्हणजे बोटी लावून ठेवायच्या धक्क्याचं, भाडं दरवर्षी चालूच असतं, बोट वापरली जावो न जावो. दक्षिण किनाऱ्यावरच्या मरीनात हे भाडं बोटीच्या लांबीनुसार मीटरवर लागतं आणि नऊ-दहा मीटरच्या बोटीला वर्षाचे हजारो पौंड होतात. त्यामुळे दोन-तीन मोसम बोट पाण्यात न घातलेला मालक मिळेल त्या किमतीला सोडायला तयार होतो. मुंबई-गोव्याकडे अशा जुन्या क्रूझिंग, म्हणजे लांबच्या सफरीच्या, बोटींचा एवढा मोठा बाजार नाही. म्हणून हा लेख मुख्यतः ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्या, शिडं हाकायला शिकलेल्या आणि आता स्वतःची बोट हवी असलेल्या मराठी मंडळींसाठी आहे.

आणि या बोटी घेण्याजोग्या आहेत त्या नुसत्या स्वस्त म्हणून नव्हे. १९७९ च्या ऑगस्टमध्ये फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या समुद्री शर्यतीला ३०३ बोटी निघाल्या, वाटेत भयंकर वादळ आलं आणि १५ खलाशी मृत्युमुखी पडले. सर्वांत लहान बोटींच्या गटातून एकच बोट शर्यत पुरी करून आली, ‘असेंट’ नावाची कॉन्टेसा ३२. डेव्हिड सॅडलरने आखलेली आणि लिमिंग्टनला जेरेमी रॉजर्सच्या कारखान्यात बांधली गेलेली ही जात. अशा सातशेच्या वर बोटी निघाल्या, म्हणून आजही त्या बाजारात येत असतात. आपल्याकडचा जवळचा दाखला अभिलाष टॉमी यांचा. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या २०२२ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत ते ‘बयानात’ ही रस्टलर ३६ जातीची बोट घेऊन उतरले आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये दुसरे आले. त्या शर्यतीचा नियमच असा की बोट ३२ ते ३६ फुटांची, लांब कीलची आणि १९८८ च्या आधी आखलेल्या डिझाइनची हवी. कील म्हणजे बोटीच्या तळाखालचा वजनदार कणा. तो बोटीला उलटू देत नाही आणि वाऱ्याने आडवं सरकूही देत नाही. जुन्या क्रूझिंग बोटींत तो बहुधा लांब आणि जड असतो. त्यामुळे बोट सावकाश चालते, वळायला जागा घेते, पण लाटांत हिसके कमी देते. चार माणसांचं कुटुंब घेऊन जाणाऱ्याला ही तडजोड पटते. मलाही पटते.

आता मुद्द्याचं. जुन्या फायबर बोटीचा शत्रू म्हणजे जिथे असायला नको तिथे शिरलेलं पाणी. फाटकी गादी, मळलेला रंग, तडकलेलं वॉर्निश, जुनाट स्टोव्ह हे सगळं पाहून लोक नाक मुरडतात आणि किंमत पडते. खरेदीदाराच्या दृष्टीने हे उत्तमच, कारण ही कामं शनिवार-रविवारी हाताने करता येतात. याउलट चकाचक पॉलिश केलेल्या डेकच्या आत वर्षानुवर्षं पाणी मुरलेलं असू शकतं, आणि ते काढायला बोटीच्या किमतीएवढा खर्च येतो. बोट पाहायला जाताना एकच प्रश्न मनात ठेवा: पाणी कुठे शिरलंय?

सुरुवात तळापासून करू, कारण सगळ्यांना भीती त्याचीच असते. फायबरग्लास म्हणजे काचेच्या धाग्यांचे थर पॉलिएस्टर रेझिनमध्ये भिजवून घट्ट केलेले, आणि बाहेरून जेलकोट नावाचा गुळगुळीत लेप. हा लेप संपूर्ण जलरोधक नसतो. वर्षानुवर्षं पाण्यात राहिल्यावर पाण्याचे रेणू त्यातून हळूहळू आत जातात. आत कुठे नीट घट्ट न झालेलं रेझिन उरलेलं असलं तर त्यातली रसायनं पाण्यात विरघळतात, आणि हे दाट द्रावण बाहेरचं आणखी पाणी ओढून घेतं. शाळेत शिकलेलं परासरण ते हेच. आतला दाब वाढला की जेलकोटला फोड येतात. फोड फोडला तर व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारा द्रव उडतो. तो दाबाखाली असतो, तेव्हा डोळ्यांवर चष्मा लावल्याशिवाय हे करू नका.

यालाच बोटवाले ‘ऑस्मोसिस’ म्हणतात आणि दबक्या आवाजात बोलतात. माझ्या मते ही भीती वाजवीपेक्षा मोठी आहे. जुन्या जाड बांध्याच्या बोटीला पाच-पंचवीस फोड असले म्हणून ती बुडत नाही. ते फोड खरवडून, गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून इपॉक्सी या चिवट रेझिनने भरता येतात. तळभर फोड असतील तर जेलकोट सोलून, बोट काही महिने वाळवून नवा इपॉक्सी लेप चढवावा लागतो. ते महागाचं काम आहे, आणि ते किमतीतून वजा झालं पाहिजे. ओलावा मोजायचं यंत्र लावून कुणी आकडा सांगितला तर बोट पाण्याबाहेर येऊन किती दिवस झाले ते आधी विचारा. कालच वर काढलेल्या बोटीचा आकडा चढाच येणार. शिवाय तळाच्या तांबेयुक्त रंगामुळेही यंत्र फसतं.

लाकडी बोटीचं दुखणं नेमकं उलटं असतं, हेही जाता जाता सांगायला हवं. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी जिच्यातून एकट्याने, कुठेही न थांबता पहिली पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि २२ एप्रिल १९६९ ला फालमथला परतले, ती ‘सुहैली’ मुंबईत कुलाब्याला सागवानात बांधलेली होती. १९९७ मध्ये ती ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये ठेवली गेली. तिथल्या नियंत्रित हवेत तिच्या फळ्या आक्रसायला लागल्या, म्हणून २००२ मध्ये तिला तिथून काढावं लागलं. लाकूड पाण्यात फुगून सांधे बंद करतं. फायबरच्या बोटीला मात्र अधूनमधून पाण्याबाहेर राहणं मानवतं. हिवाळाभर यार्डात कोरडी राहणारी जुनी फायबर बोट दिसली तर ती चांगली खूण समजा.

आता डेक. माझ्या मते सगळ्यांत जास्त वेळ इथे घालवावा. तळ अखंड फायबरचा असतो, पण डेक बऱ्याच बोटींत तीन थरांचा असतो: वर आणि खाली फायबरचा पातळ थर, मध्ये हलक्या बाल्सा लाकडाचे ठोकळे. त्यामुळे डेक हलका राहतो आणि पायाखाली लवत नाही. पण त्याच डेकवर कठड्याचे खांब, दोर बांधायच्या क्लीट, दोर ताणायच्या विंच, खिडक्या आणि दोराच्या पट्ट्या बसवायला शेकडो भोकं पाडलेली असतात. प्रत्येक भोकात बोल्टभोवती भरलेलं, फट बुजवणारं सीलंट काही वर्षांनी कडक होतं आणि सुटतं. वरून ते दिसत नाही. पावसाचं पाणी बोल्टच्या कडेने उतरतं, बाल्साला लागतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. बाल्साचा हळूहळू तपकिरी लगदा होतो. थंड प्रदेशात ते पाणी गोठून फुगतं आणि थर एकमेकांपासून सुटतात.

हे ओळखायला महाग यंत्र लागत नाही. प्लॅस्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर घ्या आणि त्याच्या मुठीने संपूर्ण डेकवर वितीवितीच्या अंतरावर टकटक करत जा. कलिंगड घेताना टिचकी मारून कान देतो, तसाच इथे कान द्यायचा. चांगल्या डेकचा आवाज खणखणीत आणि सगळीकडे सारखा येतो, मुरलेल्या डेकचा बद्द. कठड्याच्या खांबांची बुडं, डोलकाठीभोवतीचा भाग आणि पुढच्या क्लीटचा परिसर इथे जास्त लक्ष द्या, कारण ओढ तिथे बसते. जिथे आवाज बदलतो तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावा. पूर्ण डेक फिरून झाला की मागे उभं राहून पट्ट्या पाहा. दोन-चार ठिकाणी तळहाताएवढे पुंजके असतील तर काम आवाक्यातलं आहे. डेकच्या दोन्ही बाजूंना सलग पट्ट्या लागल्या असतील तर मालकाचे आभार मानून निघा. टाचेवर जोर देऊन उभं राहिल्यावर स्क्रूच्या डोक्याभोवती तपकिरी पाणी झिरपलं, तर टकटक करायचीही गरज नाही.

छोट्या भागाची दुरुस्ती अशी करतात: बोल्ट काढायचा, भोक मोठं करायचं, आतला भिजलेला बाल्सा वाकवलेल्या खिळ्याने खरवडून काढायचा, ती पोकळी आठवडाभर वाळू द्यायची, मग इपॉक्सीने काठोकाठ भरायची. इपॉक्सी घट्ट झाल्यावर तिच्या मधोमध नवं भोक पाडायचं. यापुढे सीलंट सुटलं तरी पाणी बाल्सापर्यंत पोचतच नाही. ज्या मालकाने कठड्याचा प्रत्येक खांब असा बसवलेला आहे आणि त्याचे फोटो जपून ठेवले आहेत, त्याला दोन हजार पौंड जास्त द्यायला मी तरी मागेपुढे पाहणार नाही. आणि फायबर डेकवर स्क्रूंनी ठोकलेला सागवानी डेक दिसला तर त्याच्या सौंदर्याला भुलू नका. प्रत्येक स्क्रू म्हणजे आणखी एक भोक.

डोलकाठीला उभं धरणाऱ्या स्टीलच्या तारा ज्या पट्ट्यांना अडकवलेल्या असतात त्यांना चेनप्लेट म्हणतात. त्या डेकमधून खाली उतरून आतल्या प्लायवूडच्या भिंतीला बोल्टने जोडलेल्या असतात. डेकमधल्या फटीतून पाणी आत आलं की दोन गोष्टी एकदम होतात. प्लायवूड कुजतं, आणि स्टेनलेस स्टीलही गंजतं. स्टेनलेस गंजत नाही असा आपला समज असतो. त्याच्यावरचा संरक्षक थर टिकायला हवेतला ऑक्सिजन लागतो. साचलेल्या खाऱ्या पाण्यात कोंडलेल्या स्टीलला तो मिळत नाही, आणि डेकच्या जाडीत, जिथे नजर पोचत नाही तिथेच, बारीक चिरा पडत जातात. ती पट्टी तुटली तर डोलकाठी पडते. म्हणून कपाटं उघडा, कपडे-भांडी बाजूला करा, टॉर्च मारा. भिंतीच्या लाकडावर काळे ओघळ असतील तर मालकाची परवानगी घेऊन तिथे आरी टोचून पाहा. ती लोण्यात शिरल्यासारखी गेली, तर पुढे काय बोलायचं ते तुम्हाला कळलंच.

तारांचं वय विचारा आणि कागद मागा. बऱ्याच विमा कंपन्या दहा-बारा वर्षांनी तारा बदलल्याचा पुरावा मागतात. मालक म्हणाला, “तारा चांगल्या आहेत, पण कधी घातल्या ते आठवत नाही,” तर त्या जुन्या आहेत असं धरूनच हिशेब करा. आत शिरल्यावर संडासाचं दार लावून बघायला विसरू नका. डोलकाठी डेकवर उभी असलेल्या बोटीत तिचा सगळा भार खालच्या खांबावर येतो. तो खांब किंवा त्याचं बूड खचलं की डेक किंचित बसतो आणि जवळचं दार अडायला लागतं.

सुकाणू बहुधा फायबरच्या दोन कवचांचं असतं, आत स्टीलचे हात. पाणी आत शिरलेलं असतंच, प्रश्न किती वर्षं आणि स्टीलचं काय झालं हा. बोट पाण्याबाहेर येऊन आठवडा झाला तरी खालच्या टोकातून थेंब गळत असतील तर नोंद करा. तळाला जिथून पाणी आत-बाहेर जातं तिथे सीकॉक नावाचे व्हॉल्व्ह असतात. ते साध्या पितळेचे असतील तर खारं पाणी पितळेतलं जस्त हळूहळू खातं आणि मागे ठिसूळ, गुलाबीसर तांबं उरतं. पृष्ठभाग किंचित खरवडून रंग पाहा. गुलाबी दिसला तर तो व्हॉल्व्ह बदलायचाच. काम मोठं नाही, पण बोट पाण्याबाहेर असतानाच करावं लागतं.

इंजिनबद्दल माझं ठाम मत आहे: ते थंड असताना सुरू होताना पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. पोचल्या पोचल्या आधी इंजिनला हात लावा. कोमट लागलं तर मालकाने तुमच्यासाठी ते आधीच तापवून ठेवलेलं आहे, दुसऱ्या दिवशी न कळवता या. धूर काळा असेल तर हवा कमी पडतेय किंवा इंजिनवर भार जास्त आहे, निळा असेल तर तेल जळतंय, आणि पांढरा विरतच नसेल तर पाणी आत शिरतंय किंवा डिझेल नीट जळत नाही. इंजिन समुद्राच्या खाऱ्या पाण्याने थेट थंड होणारं आहे की गोड्या पाण्याचं बंद चक्र आहे तेही विचारा. पहिल्या प्रकारात आतले मार्ग मिठाने भरत जातात. नवं छोटं डिझेल इंजिन आणि त्याची बसवणावळ मिळून दहा हजार पौंडांच्या वर सहज जातं. म्हणजे पंधरा हजारांच्या बोटीत चालणारं इंजिन आहे की नाही, यावर सगळा व्यवहार फिरतो.

स्वयंपाकाच्या गॅसची जोडणी मात्र जुनी असेल तर चर्चा न करता बदला. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात तो दाराखालून निघून जाऊ शकतो, बोटीत तो तळाशी साचतो आणि ठिणगीची वाट पाहतो. टाकीचा कप्पा केबिनपासून पूर्ण बंद आणि खाली समुद्राकडे निचरा होणारा असला पाहिजे.

हे सगळं स्वतः पाहिलंत, तरी सर्व्हेयर, म्हणजे बोट तपासणारा जाणकार, लागतोच. तुमची पाहणी म्हणजे कुठल्या बोटीसाठी सर्व्हेयरची फी भरायची ते ठरवण्याची चाळणी. ब्रिटनमध्ये खरेदीदार साधारण किमतीच्या दहा टक्के रक्कम अनामत देतो, करारात ‘सर्व्हेच्या अधीन’ अशी अट असते, मग बोट पाण्याबाहेर काढून तपासणी होते. सर्व्हेयर तुम्ही शोधायचा, विकणाऱ्याने किंवा दलालाने सुचवलेला नको. ब्रिटनमध्ये यॉट डिझायनर्स अँड सर्व्हेयर्स असोसिएशनच्या यादीत, अमेरिकेत सॅम्स या संस्थेच्या यादीत बघा. शक्य असेल तर तपासणीच्या दिवशी तिथे हजर राहा. अहवालात वकिली भाषा असते, प्रत्यक्षात मात्र तो माणूस हातोडी ठोकताना मोकळेपणाने बोलतो. “तुम्ही स्वतः ही घेतली असती का?” हा प्रश्न जरूर विचारा.

कागदांत एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. बोटीवरची थकबाकी बऱ्याचदा मालकाच्या नव्हे तर बोटीच्या मागे लागते. यार्डाचं भाडं किंवा कर्ज बाकी असेल तर ते तुमच्या गळ्यात येऊ शकतं. ब्रिटनच्या नोंदणीत ‘पार्ट वन’मध्ये नोंदलेल्या बोटीची मालकी आणि कर्ज तपासता येतं. स्वस्तातली ‘स्मॉल शिप्स रजिस्टर’ची नोंद मालकीचा पुरावा नसते. म्हणून पहिल्या मालकापासून आजपर्यंतच्या विक्रीपत्रांची साखळी मागा. ब्रेक्झिटनंतर ब्रिटन आणि युरोपीय संघ यांचा व्हॅटचा हिशेब वेगळा झाला आहे, तेव्हा फ्रान्स-स्पेनला बोट ठेवायचा विचार असेल तर व्हॅटची स्थिती आधी लेखी विचारा.

बोट ताब्यात आली की पहिला मोह होतो तो आतलं सगळं उखडून नव्याने करायचा. अशा अवस्थेतल्या बोटी यार्डात वर्षानुवर्षं पडून असतात आणि शेवटी पुन्हा विकायला येतात, या वेळी सुट्या खोक्यांत. माझा क्रम असा: आधी पाणी आत येणं थांबवा (सीकॉक, नळ्या, खिडक्या, डेकवरची भोकं), मग तारा आणि चेनप्लेट, मग इंजिन आणि गॅस. एवढं झालं की बोट पाण्यात घाला आणि एक मोसम जुन्याच गाद्यांवर बसून हाका. नवी शिडं, नवी गादी, नवा रंग यांची यादी त्या मोसमात आपोआप बदलते. विंचच्या ठोकळ्याची जागा चुकीची आहे की नाही हे भर वाऱ्यातच कळतं.

शेवटी, फुकट मिळणाऱ्या बोटीबद्दल. असे मालक भेटतात जे म्हणतात, “भाडं भरायचा कंटाळा आला, तुम्ही घेऊन जा.” अशा बोटीच्या बाबतीत वरचं सगळं दुप्पट काळजीने तपासा, कारण फायबरच्या बोटीला भंगारात किंमत येत नाही. तोडून विल्हेवाट लावायला उलट मालकालाच पैसे मोजावे लागतात, आणि सही केल्या क्षणी मालक तुम्ही असता. डेक सलग मुरलेला, तारांचं वय माहीत नाही आणि इंजिन अडकलेलं, या तिन्ही गोष्टी एकाच बोटीत असतील तर ती फुकटही घेऊ नका. त्या जातीच्या बोटमालकांच्या संघटनेला लिहा. कॉन्टेसा, ट्विस्टर, रस्टलर अशा जातींच्या मालकांच्या संघटना आहेत, आणि कुठला सभासद वयामुळे बोट सोडायच्या विचारात आहे हे तिथे जाहिरात येण्याआधी कळतं. वीस वर्षांच्या पावत्या फाइलमध्ये लावून ठेवणारे मालक तिथेच भेटतात.